नळीची दोन टोकं

खुंटी सरळ नव्हती. म्हणजे कुणाही साध्या माणसाने हातात घेतली असती तर सरळच म्हटली असती; पण तो अर्धं आयुष्य लोकांच्या तसबिरी चौकटीत बसवत आला होता आणि काटकोनाशी त्याचं जेवढं पटत होतं तेवढं घरात कुणाशीच पटत नव्हतं, म्हणून त्याने ती कामाच्या टेबलावर आडवी ठेवली, एक डोळा मिटला, गाल थेट लाकडाला टेकवला आणि टोकाशी केसभर डावीकडे झुकलेल्या त्या खुंटीकडे, तिच्या लाल रंगवलेल्या डोक्याकडे पाहत राहिला. असल्या खुंट्यांनी कुठली रेघ सरळ येणार… पण रेघ सरळ यायचीच नव्हती. तीच तर गोम होती.

“झोपलात का?” बायकोने दारातून विचारलं.

त्याने गाल न उचलताच नाही म्हटलं. दुपारी ओढ्यावर जायचंय, लक्षात आहे ना, असं ती म्हणाली आणि लक्षात आहे असं त्याने सांगितलं—अशा सुरात, की ही गोष्ट विसरायचा प्रयत्न सकाळपासून चाललाय हे खुंटीलासुद्धा कळावं. बायकोला तर ते आठवड्यापूर्वीच कळलं होतं. ती आत गेली.

तुमचा ओढा फार सरळ आहे. हे वाक्य पाणलोटवाल्या बाईंनी याच खोलीत, याच टेबलाशी उभं राहून उच्चारलं होतं. डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंतचा सगळा उतार पुन्हा धडधाकट करायचा, वाहून जाणारं पाणी जमिनीत मुरवायचं, असं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या प्रत्येक जमीनमालकाच्या दारी जात होत्या. सरळ आहे, हा दोष म्हणून सांगितलेला त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला. मुलगा फार गुणी आहे हो, काहीतरी करा त्याचं, असं कुणी म्हणावं तसं. पण बाईंना त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला सवड नव्हती. सरळ पाणी पळतं, म्हणाल्या, पळतं ते खणतं, आणि खणता खणता काठ खातं. वळणं असली की ते रेंगाळतं, पसरतं, मुरतं. तेव्हा ओढ्याला त्याची वळणं परत द्यायची, आणि दोन्ही काठांना थोडी थोडी जमीन मोकळी ठेवायची, पुराच्या पाण्याला हातपाय पसरायला.

काठ खातं हे खोटं नव्हतं. कारखान्याच्या—तो आपल्या दोन खोल्यांना कारखाना म्हणत असे—मागच्या भिंतीपासून ओढ्याचा कडा आता आठ-दहा पावलांवर आला होता. मागच्या पावसात मातीचा एक मोठा लपका सुटून धप्पकन खाली गेला, आणि त्या रात्री भिंतीला तडा पडला तोही तिरका. उभा पडला असता तर त्याला निदान तेवढं समाधान मिळालं असतं. अजून एक पावसाळा, फार तर दोन, मग करवती, काचा, गोंदाची भांडी आणि गिऱ्हाइकांचे न नेलेले आजोबा-पणजोबा, सगळे एका रांगेत नदीकडे निघणार होते.

ओढा बाबांनी सरळ केला होता. तो मुळात दोन भावांच्या वाटणीच्या मधोमध नागमोडी जाणारा, कधी याच्याकडे पोट काढणारा, कधी त्याच्याकडे, आणि एकेका वळणावरून पोरं पुढे भांडतील म्हणून बाबांनी माणसं लावून तो मध्यावरून सुतासारखा खणून घेतला, कमरेवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, “घ्या. भांडायला जागाच ठेवली नाही.” बाबा शहाणे होते. पण भांडायला जागा लागतेच कुठे? एक शिडी पुरते.

शिडी… नको, शिडी आत्ता नको. मी शिडीचा विचार करायचा नाही असं सकाळीच ठरवलंय. त्याने खुंटी उचलली, रंध्याने ती टोकाशी जरा नीट करावी का असं मनात आलं, आणि रंधा घेता घेता नजर मागच्या दारातून बाहेर गेली, जिथे शिडी भिंतीला टेकून उभी होतीच. चांगल्या सुकलेल्या लाकडाची, त्याने स्वतः केलेली, दोन्ही पाय केसाला केस सारखे. धाकट्या भावाने ती छपराचा पत्रा बसवायला नेली. धाकट्याचं घर समोरच्या उतारावर. तिथे ती डुगडुगली. तर माणूस काय करील? खाली एखादी चीप लावील. धाकट्याने एक पाय चार बोटं कापला. आणि परत आणून दिली ती काही उपकार केल्याच्या थाटात: आता डगमगत नाही बघ!

तुला सरळ काही बघवत नाही, असं तो तेव्हा म्हणाला होता. आणि तुला सरळ सोडून काही दिसत नाही, असं धाकटा म्हणाला होता. त्यानंतर दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. ते एकमेकांना पाण्यात पाहतात असं लोक म्हणत, पण त्यात फारसं तथ्य नव्हतं, कारण उन्हाळ्यात ओढ्याला पाणीच नसायचं.

दोघांच्या बायकांनी मात्र अबोला आपल्याकडे घेतला नाही. ओढ्यावरच्या फळीवर त्या दोघी बसत, रोपं बदलत, औषधं बदलत, आणि नवऱ्यांना एकमेकांच्या बातम्या आपापल्या घरी पोचवत. धाकटा मोटार चालवायला शिकवत असे, हे जगाला ठाऊक होतं. पण त्याचं सरावाचं मैदान ओढ्याने इतकं खाल्लं की तिथे आता गाडी वळत नाही, नुसती पुढे नि मागे होते, ही बातमी फळीवरून आली. तेव्हापासून रस्त्यात कुणी उगाचच गाडी मागे मागे घेताना दिसलं, की हा धाकट्याचा शिष्य, हे तो ओळखायचा. हसायचा. मग हसू ओसरलं की थोडं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटल्याचा राग यायचा.

प्रकल्पाला होकारही असाच फळीवरून गेला होता. बाईंना हो म्हणणं म्हणजे धाकट्याशी बोलणं नव्हे, असा त्याने स्वतःपुरता निकाल दिला होता. खणायचं मशीन त्यांचं, दगड त्यांचे, काठावर लावायची झाडं त्यांची. मालकाने पट्टी मोकळी सोडायची आणि झाडं जगवायची, एवढंच. नियम एकच, आणि तो बाईंनी जाता जाता, चप्पल घालता घालता सांगितला होता. पाणी कुठवर येऊ द्यायचं ती रेघ मालकांनी स्वतः आखायची, आपल्या हाताने. “ऑफिसने ठोकलेल्या खुंट्या लोक उपटतात. स्वतः ठोकलेली कुणी उपटत नाही, माझा अनुभव आहे.” आणि एकाच काठाने हो म्हटलं तर, असं त्याने मोठ्या आशेने विचारलं होतं. बाई म्हणाल्या, एकच काठ असलेला ओढा त्यांच्या पाहण्यात आलेला नाही.

दुपारी तो गेला. इस्त्रीचा सदरा घालून गेला—का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ओढ्यात उतरायला कुणी इस्त्री करत नाही. समोरच्या काठावर धाकटा आधीच उभा होता आणि त्याने डोक्याला चोपडं तेल लावून भांग पाडला होता. म्हणजे तोही… असू दे. फळीवर दोघी जणी चहाचे पेले घेऊन बसल्या होत्या, खेळ सुरू व्हायची वाट पाहत बसल्यासारख्या.

बाईंनी नळी दाखवली. साधीच पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर पोचेल एवढी लांब. दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली, काठ्यांवर मापाच्या खुणा, त्यातली मधली लाल. नेताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबून धरायचा. काठी उभी केली की एकाने विचारायचं, सोडू? दुसऱ्याने म्हणायचं, सोड. दोघांनी एकदम अंगठे काढायचे, पाणी ठरू द्यायचं. दोन्हीकडे ते एकाच खुणेवर आलं तर दोन्ही जागांची पातळी एक, तिथे खुंटी. नाही आलं, तर एकाने चढाला किंवा उताराला सरकायचं. “बोलत राहायचं, बस्स,” बाई म्हणाल्या, आणि वरच्या उतारावर चर खणायचं काम चाललं होतं तिकडे निघून गेल्या. बोलत राहायचं, बस्स. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

त्याने पहिली काठी कड्याच्या अगदी लगत, हातभर जमीन सोडून उभी केली. जास्त उदार व्हायचं कारण नव्हतं. समोर धाकट्यानेही आपली काठी कड्याला लगटूनच रोवली. मग दोघे थांबले. अंगठे नळीवर. आता विचारायला हवं होतं. पण विचारायचं कुणी? मी थोरला, थोरल्याने विचारायचं तर मग धाकटेपण कशासाठी असतं… समोरचा बहुधा वाट पाहत होता, आज्ञा करायला नाही तर थोरला कशासाठी असतो म्हणून. एक बगळा आला, दोघांकडे पाहून गेला. त्याने नळीकडे पाहिलं: पाणी बरोबर लाल खुणेवर. समोरून धाकट्याने हात वर केला: त्याचंही खुणेवर. वा! यानेही हात वर केला आणि खुंटी ठोकली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, झाकली नळी त्याच्या वरचढ निघाली. दुसऱ्या जागी पातळी एक. तिसऱ्या जागी एक. नळी एखाद्या समजूतदार पंचासारखी दर वेळी दोघांनाही बरोबर म्हणत होती. मध्ये एकदा त्याला शंका आली, म्हणून त्याने गुपचूप आपला अंगठा उचलून पाहिला, तर पाणी जागचं हललं नाही. तेव्हा ती शंकाही मिटली. खुंट्यांची रांग कड्याच्या काठाकाठाने पुढे जात राहिली, इकडची आणि तिकडची, रुळांसारखी समांतर—एक डोळा मिटून पाहिलं तर पहिल्या खुंटीमागे बाकीच्या सगळ्या लपत होत्या—आणि त्याचं मन भरून आलं. इतकी सुंदर रेघ त्याने चौकटीतसुद्धा क्वचित पाहिली होती. जमीन जवळजवळ द्यावीच लागत नव्हती, एक अक्षर बोलावं लागलं नव्हतं, आणि काम झालं होतं. बाई उगीच वळणं वळणं करत होत्या.

बाई परतल्या. मग त्या त्याच्या एका खुंटीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि समोरच्या जोडीदार खुंटीकडे पाहू लागल्या. ती त्यांच्या हनुवटीच्या रेषेत होती.

“म्हणजे त्या खुंटीपर्यंत पाणी आलं की इथे माझ्या गळ्याशी येणार. आणि ह्या दोन्ही एका पातळीच्या?”

नळीनेच तसं सांगितलं, असं तो म्हणाला. समोरून धाकट्यानेही मान डोलावली. कितीतरी वर्षांनी दोघांचं एकमत झालं होतं.

“अंगठे सोडले होते ना?”

दोघांनी आपापल्या अंगठ्याकडे पाहिलं.

“सोडतील कसे?” फळीवरून त्याची बायको म्हणाली. “विचारावं लागतं ना.”

दोघी जावा हसायला लागल्या आणि धाकट्याच्या बायकोच्या पेल्यातला चहा ओढ्यात सांडला. बाई हसल्या नाहीत. दोन्ही टोकं दाबून धरली तर नळीतलं पाणी डोंगरावर नेलं तरी जागचं हलणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. एकाने सोडून दुसऱ्याने धरलं तरी तेच. मशीन उद्या सकाळी येतंय, म्हणाल्या, आणि निदान वरच्या अर्ध्या भागाची रेघ आज झाली नाही तर ते वरच्या ओढ्याकडे जाईल, तिथले मालक केव्हाचे मागे लागलेत. मग इथे पुन्हा कधी येईल ते त्या सांगू शकत नाहीत. सगळ्या खुंट्या उपटायला लावल्या त्यांनी. स्वतः ठोकलेल्या, स्वतःच उपटायच्या. तो वाकून वाकून उपटत होता आणि प्रत्येक भोक त्याला तोंड वासून विचारत होतं, काय रे, नळीपेक्षा तू शहाणा?

पुन्हा पहिली जागा. काठी उभी. अंगठ्याखाली नळीची कड, आणि अंगठा आता ठणकायला लागला होता. मागे भिंत, भिंतीला तिरका तडा. तिच्याकडे न पाहताही ती पाठीला कळत होती. म्हण, सोडू. दोन अक्षरं. गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलतोस, काचेची जाडी काय, पाठीमागे पुठ्ठा हवा का, दोन अक्षरांना काय होतं… आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा धडपणे कळलं की हा मान नव्हता. थोरला-धाकटा काही नव्हतं. मी विचारलं, आणि तो बोललाच नाही तर? सगळ्यांसमोर? भीती होती, लहान मुलाची असते तसली, आणि ती एवढी वर्षं चार बोटं लाकडाच्या मागे लपून बसली होती. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझ्या बाबतीत अंगठा दाबून ठेवलाय मीच, आणि तोंड…

“दादा, सोडू?”

आवाज जाड झाला होता. हा कधी असा झाला? रोज कानावर पडत होता, शिकणाऱ्यांवर ओरडताना, ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक. पण त्यात दादा हा शब्द नसायचा, आणि त्या शब्दाशिवाय तो आवाज कुणाही शेजाऱ्याचा वाटायचा. त्याने तोंड उघडलं. खाकरला.

“सोड.”

काही घडलं नाही. पाणी होतं तिथेच.

“अरे, तू पण सोड की.”

त्याने घाईने अंगठा काढला. आणि समोरून पाणी आलं: नळीतून, ओढा ओलांडून, धाकट्याच्या टोकाकडचं पाणी थेट त्याच्या टोकाशी वर चढलं आणि त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर भळभळलं. थंडगार. कोपरापर्यंत. धाकट्याने भराभर अंगठा लावला, हा म्हणाला, तू लावलास ना, तो म्हणाला, लावला, तू लाव. आणि एवढं बोलणं झाल्यावर ते दोघे जरा दचकले. बाईंनी तांब्याभर पाणी आणवून नळी पुन्हा भरली. त्याची जागा खाली पडते, त्यालाच चढावं लागणार, असं त्या म्हणाल्या.

तो पाठमोरा चढू लागला, नळी हातात, नजर खुणेवर. धाकटा तिकडून सांगत होता, वर जा. सोडू? सोड. अजून वर. लिंबाचं झाड मागे… म्हणजे पुढे गेलं. ते पट्टीत आलं. लाकडाचा ढीग पट्टीत आला. अजून किती, असं तो कातावून ओरडला.

“पाणी म्हणतंय, मी नाही.”

हेही खरंच होतं. पाण्याशी भांडता येत नाही. तो पुन्हा एक पाऊल मागे गेला आणि त्याची टाच कशावर तरी आपटली. शिडी. समोरून आवाज आला, “थांब,” आणि नळीतलं पाणी हलून, डुचमळून, हळूहळू लाल खुणेवर येऊन ठरलं. बाईंनी पाहिलं, समोर पाहिलं, मान हलवली. लाकडाचा ढीग तेवढा हलवा, म्हणाल्या. पाणी इथवर येईल ते पसरून, दमून येईल, खणायला त्याच्यात जोर नसेल. भिंत राहील तुमची. त्याने खुंटी शिडीच्या पायाशी ठोकली आणि ठोकताना ती पहिल्या घावाला जरा वाकडी गेली.

शिडी उभी होती, उतारावर. दर पावसाआधी तो याच जागी हिच्यावर चढून पन्हळ साफ करायचा, आणि ती एकदाही हलली नव्हती. दुसरीकडे कुठे ती उभीच राहत नसे, म्हणून तर इथे ठेवली होती. आखूड पाय चढाकडे, लांब उताराकडे, अगदी मापात. हे आपल्याला माहीत होतं. पाय ठेवताना दर वर्षी माहीत होतं, आणि उतरल्यावर दर वर्षी आपण विसरत होतो.

“आहे होय ती अजून?” धाकट्याने तिकडून विचारलं.

किती उत्तरं होती. वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली, एकाहून एक धारदार. झोप येत नसली की तो ती पाठ करायचा. आता त्यातलं एकही सापडेना.

“डगमगत नाही,” तो म्हणाला.

 समोरून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग, सोडू? आणि ते पुढच्या जागेकडे वळले.

ऊन उतरेपर्यंत वरचा अर्धा भाग झाला. रेघ भयंकर होती. इकडे फुगलेली, तिकडे आत गेलेली, कुठल्याही चौकटीत बसली नसती. उरलेली रेघ उद्या सकाळी मशीनच्या आधी, तोवर नळी गुंडाळू नका, असं सांगून बाई गेल्या. म्हणून त्याने आपली काठी शिडीला सैलसर बांधली, धाकट्याने त्याची कशाला बांधली ते दिसलं नाही, आणि नळी ओढ्यावरून तशीच राहिली. उद्या, असं धाकटा म्हणाला. त्याने उत्तरादाखल हात वर केला, सवयीने, आणि घरी पोचेपर्यंत त्याला स्वतःचा संताप येत राहिला, की हात कशाला केला, तोंड होतं ना.

“हो,” तो स्वयंपाकघरात म्हणाला.

काय हो, असं बायकोने विचारलं. काही नाही, म्हणाला. मग पन्हळ बघून येतो म्हणाला. पन्हळीत काय बघायचंय असं तिने विचारलं नाही. नुसतं, बाही बदला आधी, म्हणाली. सदरा म्हणायचं होतं तिला. त्याने बदलला नाही. बाही अजून दमट होती आणि तसं काही वाईट लागत नव्हतं.

मागे अजून उजेड होता. तो शिडीशी उभा राहिला. नळीच्या उघड्या तोंडात पाणी खुणेवर स्वस्थ होतं. हे इथे इतकं आहे म्हणजे तिकडेही इतकंच आहे. कुणी पाहो न पाहो, तिकडच्या पाण्याला इकडच्याची खबर आहे. उद्या काय बोलायचं ते त्याने जुळवून पाहिलं. बाबांचं काही… नको. मैदानात आता गाडी वळेल का रे, हे बरं होतं. त्यात विचारणंही होतं आणि काम पण होतं. पण उद्याला अजून सबंध रात्र होती.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग काठी हळूच वर उचलली, चार बोटं. म्हणजे तिकडे पाणी दोन बोटं चढलं असेल. कुणी बघत असेल तर. कशाला कोण बघतंय, या वेळेला माणसं घरात असतात, आणि आपण या वयात हे काय… त्याने काठी खाली टेकवली. पाणी डुचमळलं, ठरलं. तो घरात गेला नाही. खुणेकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याला वाटलं की पाणी जरासं वर आलं. किंवा वारा असेल, किंवा त्याचा चष्मा. सांगता येईना. अंगठा मात्र त्याने नळीवर ठेवला नाही, आणि वाकून, एक डोळा न मिटता, दोन्ही डोळ्यांनी पाहत राहिला.